नऊ प्रोग्राम आणि न थांबणारा लूप: एका प्रॅक्टिकलच्या फेरतपासणीचं प्रकरण

उत्तर गोव्यातल्या एका कॉलेजात बीसीएच्या पहिल्या सेमिस्टरची सी प्रोग्रामिंगची प्रॅक्टिकल परीक्षा झाली, आणि तिच्या निकालावरून जे घडलं ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. कॉलेजचं नाव देत नाही, मुलांना अ, ब, क, ड म्हणते. फेरतपासणीला बाहेरचं माणूस हवं म्हणून मला बोलावलं होतं, बाकी दोघं त्याच डिपार्टमेंटचे. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याकडे सगळीकडे अशाच चालतात.

परीक्षेची पद्धत नेहमीचीच. पंचवीस मार्क, त्यात प्रोग्रामला १५, जर्नलला ५, व्हायवाला ५. मुलांनी स्लिप उचलायची, जो प्रश्न येईल तो दीड तासात लिहायचा आणि रन करून दाखवायचा. लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून देणारं सॉफ्टवेअर), तोही विंडोजवर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवलेला. एका स्लिपवर पावसाचा प्रश्न होता: रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये वाचत जा, ९९९९९ टाकलं की थांब, ऋण आकडा आला तर तो चुकीचा समजून सोडून दे, शेवटी सरासरी छाप, आणि एकही वैध आकडा नसेल तर तसं सांग. प्रश्न जुना आणि प्रसिद्ध आहे, १९८० च्या दशकात येल विद्यापीठात इलियट सोलोवे आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांच्या चुका अभ्यासायला असाच प्रश्न वापरला होता आणि प्रोग्रामिंग कसं शिकवावं यावर संशोधन करणारे लोक तो अजून वापरतात. दिसायला सोपा, पण लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग), अट, बेरीज, मोजणी आणि शून्याने भागाकार टाळणं हे सगळं एकत्र जुळवावं लागतं म्हणून चांगला. नऊ जणांना ही स्लिप आली.

नऊपैकी पाच जणांचे प्रोग्राम व्यवस्थित चालले. चौघांचे थांबेनात. परीक्षक आकडे टाकतायत, शेवटी ९९९९९ टाकतायत, आणि प्रोग्राम पुढचा आकडा मागत बसलाय. नियम असा की आउटपुट आलं नाही तर प्रोग्रामला शून्य. त्यातच डिपार्टमेंटने त्या वर्षी पहिल्यांदा सगळ्या फाइल्स मॉस नावाच्या, प्रोग्राम एकमेकांशी किती जुळतात ते दाखवणाऱ्या टूलमधून काढल्या, प्रत्येक स्लिपच्या वेगळ्या, आणि या चौघांतल्या दोन मुलींचे, अ आणि ब, प्रोग्राम नव्वद टक्क्यांच्या वर जुळले. दोघी सत्तरी तालुक्यातल्या, एकाच बसने येणाऱ्या, लॅबमध्ये मागेपुढे बसलेल्या. झालं, कॉपीचा शेरा बसला आणि आता पूर्ण प्रॅक्टिकलच रद्द करायची भाषा सुरू झाली. अ चे वडील कॉलेजात आले. आवाज चढवला नाही त्यांनी, एवढंच विचारलं की माझ्या मुलीने काय केलं ते मला दाखवा. त्यावरून फेरतपासणी ठरली.

पहिल्यांदा न थांबणाऱ्या लूपचं बघितलं, कारण चार मुलं एकाच जागी अडकतात तेव्हा कारण बहुतेक मुलांच्या बाहेर असतं. अ ची फाइल उघडली, लॉजिक वाचलं, कुठेच काही वावगं नाही. मग तीच फाइल, फक्त टर्बो सीच्या खास दोन-तीन ओळी काढून, जीसीसी या आजच्या कंपायलरवर चालवली तर लगेच बरोबर उत्तर. फरक कुठे पडला? टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, फक्त दोन बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. त्यात ९९९९९ मावतच नाही, तो आकडा कापला जाऊन −३१०७३ होतो. तुलना मात्र खऱ्या ९९९९९ शी होते, कारण प्रोग्राममध्ये लिहिलेला तो आकडा कंपायलर आपोआप लाँग (मोठा पूर्णांक) धरतो. त्यामुळे लूपची अट कधीच तुटत नाही. त्यात गंमत नव्हे, वाईट भाग असा की −३१०७३ ऋण असल्यामुळे मुलीने स्वतःच लिहिलेल्या बरोबर नियमाने तो आकडा "चुकीचा" म्हणून गुपचूप बाजूला पडत होता, स्क्रीनवर काही खूणसुद्धा उमटत नव्हती. नऊपैकी ज्या पाच जणांनी आकडा ठेवायचा व्हेरिएबल फ्लोट (दशांश आकड्याचा प्रकार) घेतला त्यांचा चालला, ज्या चौघांनी इंट घेतला त्यांचा अडकला. एवढाच फरक.

आता इंट का घेतला? स्लिपवर नमुना म्हणून जे आकडे दिले होते ते सगळे पूर्णांक होते. अ म्हणाली की आकडे पूर्ण आहेत म्हणून इंट घेतला आणि सरासरीत दशांश जाऊ नये म्हणून भागाकाराच्या वेळी बेरजेला फ्लोट केलं. पहिल्या सेमिस्टरच्या मुलीकडून याहून नेटका विचार मी तरी मागणार नाही. बाकीच्या पाचातल्या तिघांनी फ्लोट घेतला कारण लॅब मॅन्युअलमधल्या तशाच प्रोग्राममध्ये फ्लोट होता. म्हणजे आकडे बघून निर्णय घेणाऱ्या मुलीला शून्य आणि मॅन्युअल जसंच्या तसं उतरवणाऱ्यांना पंधरा, आणि हे ठरवलं १९९० च्या सुमाराच्या एका कंपायलरने.

तिने सरावाच्या वेळी हे का पकडलं नाही हा प्रश्न एका सरांनी विचारला, रास्त होता. मॅन्युअलमधल्या प्रोग्राममध्ये थांबायला −१ वापरला होता, तो इंटमध्ये आरामात मावतो, म्हणून लॅबमध्ये हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. आणि लॅबबाहेरचा तिचा सगळा सराव मोबाइलवर, फुकट मिळणाऱ्या एका कंपायलर अ‍ॅपवर, जिथे इंट चार बाइटचा असतो. घरी लॅपटॉप नाही, लॅब संपते तेव्हा थेट बस सुटायची वेळ झालेली, ती चुकली की वाळपईला उतरून पुढे कोण नेणार. "मॅडम, मोबायलार सारको चलतालो" (मोबाइलवर नीट चालत होता), असं ती दोनदा म्हणाली आणि ते शब्दशः खरं होतं. परीक्षेतला अर्ध्याहून जास्त वेळ तिने नसलेली चूक शोधण्यात घालवला होता, फाइलमध्ये तीन ठिकाणी उगीच टाकलेले प्रिंटएफ (स्क्रीनवर छापायच्या ओळी) दिसत होते, म्हणजे चूक शोधायची पद्धतसुद्धा तिची बरोबर होती.

मग कॉपीचं प्रकरण. मॉस हे टूल १९९४ पासूनचं, स्टॅनफर्डच्या सर्व्हरवर चालतं, शिक्षकांना मोफत, आणि चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. व्हेरिएबलची नावं बदलली, स्पेस वाढवल्या तरी त्याला फसवता येत नाही. पण ते फक्त सारखेपणा दाखवतं. ते बनवणाऱ्यांनीच स्पष्ट सांगितलंय की कॉपी झाली की नाही हे शेवटी माणसाने कोड बघूनच ठरवायचं. शिवाय त्यात दोन सोयी आहेत ज्या इथे वापरल्याच गेल्या नव्हत्या. एक, शिक्षकाने दिलेला मूळ कोड बेस फाइल म्हणून द्यायचा, म्हणजे तेवढा भाग तुलनेतून वगळला जातो. दुसरं, एखादा तुकडा फारच जास्त प्रोग्राममध्ये सापडला तर टूल तो आपोआप सोडून देतं, पण त्याची मर्यादा मुळात दहा ठेवलेली असते, आणि इथे एका स्लिपच्या नऊच फाइल्स होत्या, म्हणजे ती सोय कधी लागू होणारच नव्हती. आम्ही मॅन्युअलमधला तो प्रोग्राम बेस फाइल म्हणून देऊन परत चालवलं आणि अ-ब ची जुळणी धाडकन खाली आली. उरलं ते एवढंच की दोघींनी ऋण आकड्याची अट एकाच जागी लिहिली होती, जी त्या प्रोग्राममध्ये लिहायला दुसरी सोयीची जागा फारशी नाहीच. एकाच बुवांकडे भजन शिकलेल्या पोरांच्या ताना सारख्या येतात, त्यावरून कुणी कुणाची चोरली हे ठरत नाही.

तरीही टूलने दोषी नाही म्हटलं म्हणून सोडून द्या असंही मला मान्य नव्हतं. दोघींना प्रोग्राम कळलाय का हे अजून कुणीच विचारलेलं नव्हतं. तेव्हा तोंडी घ्यायचं ठरलं, आणि इथे मी एका गोष्टीवर अडून बसले: घ्यायचं तर नऊच्या नऊ जणांचं घ्या. फक्त संशयितांना बोलावलं की ती चौकशी होते, मुलगी दारातून आत येतानाच अर्धी गळून जाते, आणि ज्यांना पूर्ण मार्क मिळालेत त्यांचे मार्क खरे आहेत का हे कधी तपासलंच जात नाही. यावर बराच वाद झाला. एका सरांचं म्हणणं, पास झालेल्यांना परत का त्रास द्यायचा. शेवटी एवढ्यावर जमलं की पाच जणांचे मार्क कमी करायचे नाहीत पण त्यांनाही तेच प्रश्न विचारायचे, म्हणजे तुलनेला काहीतरी हाती राहील.

तोंडी म्हणजे व्याख्या विचारणं नाही. नेहमीच्या व्हायवात पॉइंटर म्हणजे काय, लूपचे प्रकार किती असं विचारतात, त्याने पाठांतर कळतं. आम्ही प्रत्येकाला त्याचाच प्रोग्राम कागदावर छापून दिला, एक पेन दिलं, आणि तीन गोष्टी सांगितल्या. १२, −३, ०, ४०, ९९९९९ असे आकडे दिले तर प्रत्येक फेरीत बेरीज आणि मोजणी काय होते ते तक्त्यात लिही (शेवटी बेरीज ५२, मोजणी ३, सरासरी १७.३३ यायला हवी, आणि त्या शून्याला मोजणीत धरतोस की नाही यातच बरंच कळतं). मग, शून्याने भागायची अट काढून टाकली तर कधी बिघडेल ते सांग. आणि शेवटी, सगळ्यात जास्त पाऊस किती पडला तेही छापायचंय, तर कागदावरच बदल करून दाखव. भाषेची अट नाही, मराठीत सांग, कोंकणीत सांग, इंग्लिशमध्ये सांग, बोट ठेवून दाखवलंस तरी चालेल.

भाषेबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी माध्यमात आणि पाचवीपासून थेट इंग्लिश माध्यमात जातात, त्यातून कॉलेजपर्यंत येतात तेव्हा इंग्लिश वाचतात चांगलं पण स्वतःचा विचार इंग्लिशमध्ये मोठ्याने सांगायची वेळ आली की अडखळतात. प्रोग्रामिंगची परीक्षा त्या अडखळण्याची परीक्षा होऊ नये. इंग्लिश लागतंच पुढे, कबूल, त्याचा वेगळा पेपर आहे ना, तिथे तपासा.

अ ने तक्ता सरळ भरला. शून्य पावसाचा दिवस मोजायचा का, असं उलट आम्हालाच विचारलं आणि स्वतःच म्हणाली, मोजायचा, पाऊस न पडलेला दिवसही दिवसच. जास्तीत जास्त पावसासाठी तिने नवीन व्हेरिएबल घेतलं, सुरुवातीला त्यात शून्य ठेवलं, आणि का विचारल्यावर सांगितलं की ऋण आकडे आपण घेतच नाही म्हणून शून्य चालतं. ब चा तक्ता बरोबर आला पण शून्याने भागायची अट कशासाठी आहे ते तिला सांगता आलं नाही, मॅन्युअलमध्ये होती म्हणून घातली म्हणाली, आणि बदल अर्धाच जमला. म्हणजे दोघींनी एकमेकींचं उतरवलं नव्हतं, दोघींचा पाया एकच मॅन्युअल होता आणि समज वेगवेगळी होती. पूर्ण मार्कवाल्यांत क ने सगळं भराभर आणि छान केलं, त्याने बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं आणि त्याचे पंधरा खरोखर पंधराच होते. ड ला मात्र पंधरापैकी पंधरा असून तक्त्याची दुसरी ओळसुद्धा भरता आली नाही. लूप आधी तपासतो की आधी वाचतो, इथेच तो गोंधळला. मॅन्युअलमधला प्रोग्राम पाठ होता, −१ च्या जागी ९९९९९ टाकलं होतं, फ्लोट तिथे आधीच होता म्हणून चालला.

मला ड चा राग येत नाही. आपण ज्याला मार्क देतो तेच त्याने केलं. जुन्या पद्धतीत अ ला शून्य आणि ड ला पंधरा, आणि प्रोग्रामिंग कुणाला येतं असं विचारलं तर उत्तर नेमकं उलटं, एवढं कळल्यावर कुठल्याही शिक्षकाला झोप लागू नये.

हे फक्त आपल्याच कॉलेजांत होतं असं नाही. २००१ मध्ये मायकेल मॅकक्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्राम लिहायला दिले, सरासरी गुण आले ११० पैकी २२.८९. शिकवणाऱ्यांना धक्काच बसला. पुढे २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने अनेक देशांत तपासलं तेव्हा दिसलं की पुष्कळ मुलांना दिलेला छोटा कोड वाचून त्याचं उत्तर काय येईल तेही धड सांगता येत नाही, म्हणजे लिहिण्याच्या आधीची पायरीच कच्ची. न्यूझीलंडमधल्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि मुलांनी क्रम लावायचा असे प्रश्न मांडले, त्यात सेमिकोलन विसरला म्हणून कुणी मार खात नाही आणि क्रम कळलाय की नाही ते मात्र स्वच्छ दिसतं. वाचणं, क्रम लावणं, चूक शोधणं, लिहिणं, दुसऱ्याला समजावणं ही वेगवेगळी कौशल्यं आहेत. चालतंय का नाही या एकाच निकषात ती सगळी कोंबली की अर्धी दिसतच नाहीत.

विरोध करणाऱ्या सरांचं म्हणणं इथे नीट मांडते, कारण ते तळमळीने बोलत होते. त्यांचं म्हणणं, कंपनीत गेल्यावर न चालणाऱ्या प्रोग्रामला कोण मार्क देणार, आउटपुट म्हणजे आउटपुट, बाकी सगळी दया. मला वाटतं दयेचा इथे संबंध नाही. कंपनीत दीड तासात, अनोळखी कंपायलरवर, कुणाला न विचारता, काही न शोधता कोणी काम करत नाही. चालणारा प्रोग्राम हवाच, त्याला मार्क हवेतच, पण चूक कोणाची हे न बघता शून्य देणं म्हणजे तपासणी करायची टाळाटाळ. तोंडी परीक्षेबद्दलचा त्यांचा दुसरा आक्षेप मात्र मला पटला: बोलक्या मुलांना त्यात फायदा होतो आणि गोव्यासारख्या लहान जागेत ओळखी आड येतात, मूल समोर बसलं की "खंयची गे तूं?" हा पहिला प्रश्न, आणि गाव कळलं की कुणाची कोण तेही कळतं. म्हणून तोंडीत कागदावरचा तक्ता आणि केलेला बदल यांनाच मार्क द्यायचे, बोलण्याला नाही, आणि ते कागद नंबर टाकून दुसऱ्या शिक्षकाने तपासायचे असं ठरलं.

निकाल असा लागला. अ आणि ब वरचा कॉपीचा शेरा लेखी मागे घेतला, नुसता तोंडी नाही, यावरही आग्रह धरावा लागला. चौघांच्या फाइल्स जीसीसीवर चालवून नव्याने मार्क दिले, अ ला पंधरापैकी चौदा, ब ला नऊ, बाकी दोघांना त्यांच्या कामाप्रमाणे. ड चे मार्क आधी ठरल्याप्रमाणे तसेच ठेवले, त्याला लॅबमध्ये जास्तीचे तास दिले. बाकीच्या स्लिप्सवरच्या मुलांचं काय, हा प्रश्न राहिलाच. एका स्लिपवर नुसता चांदण्यांचा (* या चिन्हांचा) त्रिकोण छापायचा होता, तोही पंधरा मार्कांचाच, आणि ती स्लिप ज्याच्या हाती आली तो सुटला. स्लिपची पद्धत मुळात कॉपी टाळायला आली पण ती नशिबाला मार्क देते, ती बंद करावी असं मी अहवालात लिहिलं.

पुढच्या सेमिस्टरपासून त्यांनी टर्बो सी काढून जीसीसी आणलं, तेच मोबाइलवरही साधारण सारखं चालतं. प्रोग्रामच्या १५ मार्कांची फोड केली: ४ कोड वाचून तक्ता भरायला, ३ दिलेल्या कोडमधली चूक शोधायला, ५ नवीन लिहायला, ३ स्वतःच्याच प्रोग्राममध्ये समोर बसून बदल करायला. प्रश्न सगळ्यांना एकाच घाटाचे, आकडे वेगळे, आणि प्रत्येक प्रश्नाखाली इनपुट-आउटपुटचा नमुना, त्यात एक तरी दशांशाचा आकडा. घरच्या असाइनमेंटचं वजनही कमी केलं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून घरून येणारे प्रोग्राम सगळेच देखणे असतात, ते कुणी लिहिले हे मॉस सांगू शकत नाही कारण ते मुलांची मुलांशी तुलना करतं, आणि मशीनने लिहिलंय का हे ओळखणारी टूल्सही भरवशाची नाहीत, ओपनएआयने स्वतःचंच तसलं टूल जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. असाइनमेंट द्यावी, मुलाने ती हवी तशी सोडवावी, आणि मार्क समोर बसून केलेल्या बदलाला द्यावेत, हे मला सगळ्यात सरळ वाटतं.

वेळेचं गणित सगळे विचारतात म्हणून सांगते. साठ मुलं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे चार तास, दोन शिक्षक समांतर बसले तर दोन. जर्नल तपासून सही करण्यात याहून जास्त वेळ जातो. जर्नलचे पाच मार्क अजून तसेच आहेत, ते काढायला डिपार्टमेंट तयार झालं नाही, कारण जर्नल नसेल तर मुलं लॅबला येणार नाहीत अशी त्यांना भीती आहे. यावर माझं आणि त्यांचं अजून जमलेलं नाही. हजेरीसाठी मार्क हवे असतील तर हजेरी म्हणून द्या, प्रोग्रामिंगच्या मार्कांत मिसळू नका, असं पुढच्या बैठकीतही मी मांडणार आहे.